सात वाटा आणि आमच्या परड्याचा गडगा

गेले काही दिवस चर्चच्या ग्रुपवर, वाडीच्या ग्रुपवर, मुंबईकर नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "अनुवाद २८:७ रोज सात वेळा, सात दिवस म्हणा, तुमच्या विरोधात उठलेले शेजारी आणि भाऊबंद सात वाटांनी पळतील, कोर्टातली केस तुमच्या बाजूने लागेल, दहा जणांना पाठवा." काल काकीने पण पाठवला म्हणून लिहायला बसलो. अनुवाद हे बायबलमधलं एक पुस्तक, त्याच्या २८ व्या अध्यायातलं हे सातवं वचन. वचन खरं आहे, वैरी एका वाटेने चालून येतील आणि सात वाटांनी पळतील असंच तिथे आहे, पण मेसेजवाल्याने लावलेला अर्थ तिथे नाही.

आधी शत्रू कोण ते बघा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे मवाब देशात, यार्देन नदी ओलांडायच्या आधी, अख्ख्या इस्राएल लोकांशी बोलतोय, म्हणजे शत्रू म्हणजे चाल करून येणारं सैन्य. असं सैन्य एका वाटेने येतं आणि मोडलं की ज्याला जिकडे वाट दिसेल तिकडे धावतो, त्या सात वाटा. बायबलमध्ये सात हा पूर्णतेचा आकडा आहे, वचन किती वेळा म्हणायचं त्याचा हिशोब नाही तो. दहा जणांना पाठवायचं तर कुठेच नाही.

मेसेजमध्ये हे बिनशर्त वचन आहे असं दाखवलंय, ते पण चूक. अध्याय सुरूच 'जर' ने होतो, जर परमेश्वराचं ऐकलंत तर. पहिली १४ वचनं आशीर्वादाची आणि त्यापुढे ६८ पर्यंत, म्हणजे ५४ वचनं, शापाची आहेत. त्यातलं २५ वं वाचा, तिथे तेच शब्द उलटे येतात, तुम्ही एका वाटेने त्यांच्यावर जाल आणि सात वाटांनी पळाल. हे सांगितल्याशिवाय सातवं वचन पाठवणं मला फसवणूक वाटते.

आणि भाऊबंदांविरुद्ध हे वचन वापरायचं म्हणता, तर आदल्याच अध्यायात, २७:१७ ला काय आहे? शेजाऱ्याची हद्द सरकवणारा शापित असो, आणि सगळ्या लोकांनी आमेन म्हणावं. आपल्याकडे हद्द म्हणजे गडगा, दगड रचून केलेला बांध, आणि गडगा कसा सरकतो ते कोकणात कोणाला सांगायला नको, पावसात पडतो, गणपतीच्या आधी परत रचतात आणि रचताना हातभर पुढे जातो, कोण मोजतंय. आमच्या परड्यातलं, म्हणजे घरामागच्या आवारातलं, रातांब्याचं (कोकमाचं) झाड माझ्या लहानपणी गडग्याच्या पलीकडे होतं. मी शेजारच्यांच्या बाजूला उभं राहून रातांबे वेचलेत. आज ते झाड अलीकडे आहे, झाड तर चालत आलेलं नाही, आणि ह्याच गडग्याच्या आपल्या केससाठी आपण २८:७ म्हणतोय.

विश्वास असला की शत्रू पळतातच असं म्हणायचं तर पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याचं काय, त्याला दगडांनी मारून टाकलं. प्रेषित पौलाला लुस्त्र गावात दगडमार करून मेला समजून गावाबाहेर ओढून टाकला. ह्यांचा विश्वास कमी होता का?

केस चालू असलेल्या घरात झोप लागत नाही हे मी बघितलंय, देवासमोर रडा, तक्रार करा, बायबलमधली कितीतरी स्तोत्रं तीच आहेत. पण मोशेच्याच नियमशास्त्रात, निर्गम ह्या पुस्तकात २३:४ ला सांगितलंय की वैऱ्याचा बैल भटकलेला दिसला तर त्याच्याकडे नेऊन पोचव. त्यांची गाय आपल्या परड्यात शिरली तेव्हा आपण ती दिवसभर बांधून ठेवली, बिनपाण्याची.

काकी, तू रागावशील, माहीत आहे. पण मे महिन्यात सगळे येतील तेव्हा सरकारी मोजणीचा अर्ज टाकूया, फी मी भरतो, आणि खुणा जिथे निघतील तिथे गडगा मी स्वतः रचतो, रातांबा पलीकडे गेला तरी.