हाताच्या अंतरावरचा एक किलो

गेल्या मे महिन्यात एका मुंजीसाठी साताऱ्याला निघालो असताना खंबाटकी घाटाच्या चढावर एका मोटारीच्या बॉनेटमधून धूर येताना दिसला. मोटारीचे मालक अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात धरून, ती ओतावी की प्यावी अशा संभ्रमात उभे होते. तेवढ्यात मागून आलेल्या बसचा चालक आग विझवायचे आपले लाल सिलिंडर घेऊन धावत आला, ‘बॉनेट पूर्ण उघडू नका, वारा मिळाला की भडका उडेल’ असे ओरडला, आणि बोटभर उचललेल्या बॉनेटच्या फटीतून त्याने पांढऱ्या भुकटीचा असा फवारा मारला की क्षणभर मोटार, मालक आणि बाटली तिन्ही दिसेनाशी झाली. धूर विरला. सगळा प्रकार दहाबारा सेकंदांत आटोपला.

आमच्या गाडीत आग विझवण्याजोगे काय आहे, याची आईने तिथल्या तिथे मोजदाद केली. दोन लिटर पन्हे निघाले. ‘गूळ घातलाय त्यात,’ ती म्हणाली, ‘चिकट होईल सगळं.’

पुढच्याच शनिवारी तसले सिलिंडर आणायला मी नाना पेठेत गेलो. मोटारीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि उरलेल्या लोखंडी गोष्टींसाठी बोहरी आळी, ही पुणेकराची वाटणी ठरलेली आहे. दुकानदाराने फळीवरची सिलिंडरे दाखवली. त्यांवर ए, बी, सी अशी अक्षरे होती. शाळेतल्या तुकड्यांच्या संस्कारामुळे मी म्हणालो, ‘ए मधले दाखवा.’ त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ‘त्या तुकड्या नाहीत, साहेब, आगीच्या जाती आहेत.’ आगीलासुद्धा आपण सोडलेले नाही, असे मनात म्हणत मी ऐकू लागलो. लाकूड, कापड, कागद यांची आग ए. पेट्रोल, डिझेल, तेल यांची बी. आणि गॅसची सी. माझी गाडी सीएनजीची, त्यात पेट्रोलची टाकीही, शिवाय सीटवर आईने शिवलेली सुती कव्हरे. म्हणजे एकाच वाहनात तिन्ही जाती गुण्यागोविंदाने नांदत होत्या.

निवड मात्र सोपी नव्हती. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने मागे कचरा राहत नाही, परंतु आतला दाब प्रचंड असल्याने त्याचा पत्रा जाड आणि वजन भारी. शिवाय सीटच्या फोममध्ये धुमसणारा निखारा वायू उडून गेल्यावर पुन्हा डोळे उघडतो. कचरा न करणारा आणखी एक महागडा प्रकार होता, त्याची किंमत ऐकून मी सिलिंडर हळूच फळीवर परत ठेवले. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखा दिसणारा एक डबाही होता, पण त्याला दाब दाखवणारा काटाच नव्हता, आणि ज्याच्या पोटात काय उरले आहे ते कळत नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. अर्धा किलोचे सिलिंडर सुबक होते, पण ते काही सेकंदांतच संपते असे दुकानदार म्हणाला. माझा स्वभाव पाहता तेवढा वेळ मला ‘अरे बापरे’ म्हणायलाच लागेल. अखेर आयएसआयचा शिक्का असलेले, काटा हिरव्या पट्ट्यात उभा असलेले, एक किलो भुकटीचे एबीसी सिलिंडर मी घेतले. लोखंडासकट त्याचे वजन दोन किलोंच्या आसपास भरते.

रविवारी निफाडहून मावसभाऊ आला होता. त्याने वेष्टनावरचे ‘मोनो अमोनियम फॉस्फेट’ हे शब्द वाचले आणि तो हसू लागला. ‘अरे, हे तर आमचं बारा-एकसष्ट! द्राक्षाला ठिबकमधून सोडतो आम्ही.’ मुळात ही खताचीच भुकटी, फक्त ती वाहती राहावी म्हणून तिच्यावर सिलिकॉनचा लेप चढवलेला असतो, त्यामुळे हे सिलिंडर बागेत फोडू नकोस, असे मी त्याला बजावले. आपण खत भरलेल्या बाटल्याला एवढे पैसे मोजले, ही गोष्ट मात्र आईच्या मनातून आजतागायत गेलेली नाही.

खरी परीक्षा यापुढेच होती. सिलिंडर चालकाला बसल्या जागेवरून हाताला आले पाहिजे, हा नियम ऐकायला सोपा आहे. पण आमच्या गाडीत हाताला येणारी प्रत्येक जागा कुणाच्या ना कुणाच्या वहिवाटीची निघाली. डिकीत सीएनजीची टाकी, आणि टाकीच्या पुढे उरलेल्या वीतभर जागेत मुलीचे बॅडमिंटनचे सामान. तशीही डिकीतली वस्तू आग लागल्यावर काढणे म्हणजे तहान लागल्यावर दुसऱ्याच्या शेतात विहीर खणणे होय. मागच्या काचेखालच्या फळीवर उन्हाळ्यात पापड वाळतील एवढे ऊन येते, आणि दाबाखालचे सिलिंडर तिथे भाजत ठेवणे मला पटेना. दाराच्या कप्प्यात ते मावत नव्हते. चालकाच्या सीटखाली ठेवावे, तर सुटून ब्रेकच्या पेडलखाली अडकायची भीती.

सिलिंडरसोबत आलेला प्लास्टिकचा पाळणा मी चिकटपट्टीने शेजारच्या सीटपुढच्या जाजमावर बसवला. तो कात्रजपर्यंत टिकला. पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर त्याने प्राण सोडले आणि सिलिंडर गाडीभर गडगडत फिरू लागले. डावीकडे वळलो की ठण्, उजवीकडे वळलो की ठण्. दोन किलो लोखंड जोराच्या ब्रेकला कुणाच्या नडगीवर आदळेल या विचाराने मला घाम फुटला. शेवटी आईने ते उचलून मांडीवर घेतले, त्याच्यावर पदर टाकला आणि घरापर्यंत एखाद्या नातवाला आणावे तसे आणले. टोलनाक्यावरच्या मुलाने डोकावून पाहिले आणि मुकाट्याने आम्हाला पुढे जाऊ दिले.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने एका वाक्यात उपाय सांगितला, ‘दादा, फ्लोअरला दोन भोकं मारू.’ ड्रिल त्याच्या हातात आले होतेच. मी जाजम उचलायचा आग्रह धरला म्हणून बरे. खाली वायरींचा गुंता निघाला, आणि सीटखाली एक पिवळा प्लग दिसताच मेकॅनिकने हात मागे घेतला. पिवळा प्लग म्हणजे एअरबॅगचे कनेक्शन. आग विझवण्याच्या तयारीत आईच्या शेजारी एअरबॅग फोडण्याचा मान माझ्याकडून थोडक्यात हुकला.

मग मी बोहरी आळीतून जाड लोखंडी पट्टी आणि एका झटक्यात उघडणारा धातूचा क्लॅम्प आणला. पट्टी वाकवून ती डाव्या सीटच्या पुढच्या दोन बोल्टांखाली धरायची आणि तेच बोल्ट पान्ह्याने पूर्ववत आवळायचे, अशी योजना होती. पहिल्या खेपेला पट्टी इंचभर उंच झाली, त्यामुळे सीट पुढे सरकेना आणि मागे बसलेल्या मुलीचे गुडघे तिच्या हनुवटीला लागले. पट्टी पुन्हा वाकवली. आता सिलिंडर सीटपुढे आडवे, आईच्या पोटऱ्यांच्या मागे, असे बसले आहे की त्याचा काटा माझ्याकडे पाहतो. दुसऱ्याच दिवशी त्याच्या मुठीला भाजीची पिशवी लटकलेली दिसली. तिचा बंद नेमका, मूठ चुकून दाबली जाऊ नये म्हणून असलेल्या सेफ्टी पिनेत गुंतला होता. त्यावर घरात बरेच बोलणे झाले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ते काढून काटा पाहतो, आणि भुकटी तळाशी बसून दगड होऊ नये म्हणून उलटे करून हलवतो. आई गॅलरीतून विचारते, ‘हलवलंस का नीट? खाली साका राहतो.’ लहानपणी मला द्यायच्या खोकल्याच्या औषधाला ती हेच म्हणायची.

परवा बायकोने मोबाइलवर वेळ लावून आमची परीक्षा घेतली. बेल्ट काढायचा, वाकायचे, क्लॅम्प उघडायचा, सिलिंडर घेऊन बाहेर पडायचे. मी बेल्टच्या बटणाशी झटापट करत होतो, तोच डावीकडून ‘खट्’ असा आवाज आला आणि सिलिंडर माझ्या मांडीवर येऊन पडले. आईने न पाहता, नुसत्या टाचेने अंदाज घेऊन क्लॅम्प उघडला होता.

‘आई, तुम्हाला चार सेकंदं लागली,’ बायको म्हणाली.

‘आणि याला?’

माझा बेल्ट अजून निघाला नव्हता. तेव्हापासून पुढच्या सीटचा वाद आमच्या घरात मिटला आहे. बायकोने चुकून पुढचे दार उघडले, तर आई शांतपणे विचारते, ‘तुला क्लॅम्प उघडता येतो का गं?’