ड्रोन उडवायचा तर उडवायचा कुठं?

2024 च्या जून-जुलैत आमच्याकडं जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या पट्ट्यात रात्री ड्रोन फिरतायत म्हणून लोकांची झोप उडाली होती, चोर ड्रोननं घरं हेरतात अशी बोलवा होती आणि पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्त घालत होती, नगर-बीड-जालन्याकडंही तेच चाललेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या मध्याला मी राहतो त्या न्यू जर्सीत मॉरिस काउंटीकडं, पिकाटिनी आर्सेनल या लष्करी तळाच्या आसपास लोकांना आकाशात दिवे दिसायला लागले आणि महिन्याभरात अख्खं राज्य मान वर करून बसलं. म्हणजे घाबरायच्या बाबतीत नारायणगाव आणि न्यू जर्सी अगदी सारखे निघाले. फरक पडला तो घाबरल्यानंतर यंत्रणेनं काय केलं त्यात, आणि मला त्याच्याबद्दलच लिहायचंय, कारण घरच्या ग्रुपवर हा वाद अजून चालू आहे.

वाद असा. पुतण्या इंजिनीअरिंगला आहे, सुटे भाग मागवून त्यानं स्वतः एक छोटा क्वाड म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन बांधलाय, मोटर, तिचा वेग सांभाळणारं ईएससी, फ्लाइट कंट्रोलर सगळं स्वतः सोल्डर केलेलं. काका म्हणतात, "ते आधी माळ्यावर टाक, पोलीस केस झाली तर नोकरीला अडचण येईल." आणि काकांचं दुसरं म्हणणं, ड्रोनवर सरसकट बंदीच पाहिजे, बायामाणसं विहिरीवर, अंगणात वावरतात, वरून कोण बघतंय कळत नाही, आधीच उसात बिबट्या, त्यात हे. पुतण्याचं म्हणणं, "काका, 2021 चे नियम वाचा, मी काही चुकीचं करत नाहीये." दोघंही खरं बोलतायत आणि तीच खरी अडचण आहे.

कारण कागदावर आपले नियम चांगले आहेत. ऑगस्ट 2021 मधे ड्रोन रूल्स आले, महिन्याभरात डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर आकाशाचा नकाशा आला, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा 200 फूट, पिवळा म्हणजे एटीसीला, हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारा, लाल म्हणजे केंद्र सरकारला. दोन किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन धंद्यासाठी नसेल तर पायलट लायसन्स लागत नाही. देशाचं जवळजवळ 90 टक्के आकाश हिरवं केलं असं सरकारनंच तेव्हा सांगितलं. मी इकडचे आणि तिकडचे नियम शेजारी ठेवून वाचलेत आणि मला आपले कुठंही कमी वाटले नाहीत.

आणि त्या नियमांत एक कलम आहे जे माझ्या मते सगळ्यात शहाणं आहे. एखाद्या ठिकाणी तातडीनं ड्रोन बंद करायचे असतील तर राज्य सरकार किंवा पोलीस तात्पुरता लाल झोन जाहीर करू शकतात, पण एका वेळी जास्तीत जास्त 96 तासांसाठी, एसपी किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या सहीनं, शक्य तेवढा लहान भाग घेऊन, आणि तो झोन नकाशावर दिसला पाहिजे. नकाशावर दिसला पाहिजे हे मी मुद्दाम परत लिहितोय.

प्रत्यक्षात काय होतं? मुंबईत पूर्वी 144 खाली आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली आदेश निघतो, ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून सगळ्यावर महिनाभर बंदी, महिना संपला की पुढचा आदेश. मे 2025 मधे ऑपरेशन सिंदूरच्या वेळी असाच निघाला होता, तेव्हा कारण समोर होतं आणि त्याला कुणी हरकत घेण्याचं कारणच नव्हतं. पण बाकीच्या महिन्यांचं काय? आदेश प्रेसनोटमधे येतो, पेपरात चार ओळी येतात, हौशी माणूस नकाशा बघून निघतो आणि मैदानात हवालदार येऊन सांगतो की बंदी आहे. हवालदाराची काय चूक, त्याला वरून तेच सांगितलेलं असतं. हिरवा झोन म्हणजे काय हे चौकीत कुणी समजावलेलं नसतं, त्यामुळं "साहेबांची परवानगी आणा" एवढंच उत्तर मिळतं, आणि जी परवानगी नियमानं लागतच नाही ती देणार कोण?

आता इकडचं सांगतो, आणि इकडं सगळं आलबेल आहे असं मी अजिबात म्हणत नाही. न्यू जर्सीत ड्रोन उडवायला जागा शोधणं खूप त्रासाचं काम आहे. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या जागांवर 2014 पासून बंदी, त्यात सँडी हूकचा समुद्रकिनाराही आला, स्टेट पार्कांमधे परवानगीशिवाय नाही, कित्येक काउंटी पार्कांत टेकऑफ-लँडिंगला मनाई. आकाश एफएएचं, म्हणजे इथल्या केंद्रीय विमान वाहतूक खात्याचं, पण पायाखालची जमीन दुसऱ्याची, त्यामुळं वरून परवानगी असली तरी उभं राहायचं कुठं हा प्रश्न उरतोच. त्यात नेवार्क विमानतळ आणि आसपासची छोटी-मोठी एअरपोर्ट्स, म्हणजे बराच भाग कंट्रोल्ड एअरस्पेस, तिथं आधी परवानगी घ्यावी लागते.

तरी उत्तर मिळतं, हे महत्त्वाचं. ट्रस्ट नावाची ऑनलाइन परीक्षा आहे, फुकट आहे, ती द्यायची, ड्रोन 250 ग्रॅम किंवा जास्त असेल तर पाच डॉलर भरून तीन वर्षांची नोंदणी करायची. विमानतळाजवळ उडवायचं असेल तर लान्स नावाची सोय आहे, ॲपमधे नकाशावर चौकोन दिसतात, प्रत्येक चौकोनात आकडा असतो, 0, 50, 100, 200 असा, म्हणजे इथं किती फुटांपर्यंत आपोआप परवानगी मिळेल. आकड्याच्या आत मागितलं तर फोनवर लगेच मंजुरी येते. शून्य असेल तर तिथं हौशी उडवणाऱ्यानं दुसरी जागा बघायची, विषय संपला. परदेशात इतकी वर्षं राहून मला ज्याचं कौतुक वाटतं ते हेच, मोठ्या इमारती वगैरे नाही तर "हो" किंवा "नाही" वेळेत आणि स्पष्ट मिळणं, कुणाच्या ओळखीशिवाय.

2024 च्या डिसेंबरातही हेच दिसलं. लोक इतके चिडले होते की पाडा ते ड्रोन अशी मागणी होत होती, पोलिसांना सांगावं लागलं की गोळ्या झाडू नका, लेझर मारू नका, वर माणसं असलेलं विमान असू शकतं. मग एफएएनं जर्सीतल्या ठरावीक जागांवर तात्पुरती बंदी घातली, जागांची नावं दिलेली, प्रत्येकीभोवती एक नॉटिकल मैल (पावणेदोन-दोन किलोमीटर) त्रिज्येचं वर्तुळ, 400 फुटांपर्यंत, 17 जानेवारी 2025 ला संपणारी. ही वर्तुळं लगेच ॲपवर दिसायला लागली. वर्तुळाच्या आत उडवलं तर गुन्हा, बाहेर नेहमीचे नियम. आणि एफबीआय वगैरेंनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की 5,000 च्या वर फोन-तक्रारी आल्या, त्यातून शंभरेक धागे तपासण्याजोगे निघाले, बाकी कायदेशीर ड्रोन, विमानं, हेलिकॉप्टर आणि चक्क तारे. सगळ्यांचं समाधान झालं नाही, माझ्या शेजाऱ्याचं आजही नाही. पण भीती कितीही असली तरी बंदीला हद्द होती आणि तारीख होती.

आपल्या 96 तासांच्या कलमात नेमकं हेच आहे! म्हणजे बाहेरून काही आणायचंच नाहीये, आपलंच वापरायचंय.

दुसरी गोष्ट जागेची. इकडं मॉडेल विमानं उडवणाऱ्यांचे क्लब आहेत, त्यांची मूळ संघटना ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स 1936 पासूनची, आणि ठरवून दिलेली मैदानं आहेत. आता नोंदणी लागणाऱ्या प्रत्येक ड्रोननं रिमोट आयडी म्हणजे उडताना स्वतःची ओळख प्रसारित करायची असा नियम झाला, तेव्हासुद्धा घरी बांधलेल्या, जुन्या मॉडेल्ससाठी अशा मैदानांना एफएएनं वेगळी मान्यता दिली की इथं त्याच्याशिवाय चालेल, नजरेच्या टप्प्यात उडवा. मी जातो त्या मैदानात एक रेषा आखलेली आहे, उडवणारे एका बाजूला, बघणारे मागं, गॉगल लावून एफपीव्ही म्हणजे ड्रोनच्याच कॅमेऱ्यातून बघत उडवणाऱ्याच्या शेजारी डोळ्यांनी बघणारा दुसरा माणूस उभा पाहिजे, बॅटऱ्या चार्ज करायला वेगळं टेबल. म्हातारे लोक पोरांना शिकवतात. आजूबाजूच्या घरांना माहीत असतं की शनिवारी सकाळी इकडं भुणभुण असणार, त्यामुळं कुणी पोलिसांना फोन करत नाही. पुतण्याला मी जेव्हा जेव्हा हे सांगतो तेव्हा तो गप्प होतो आणि मला फार वाईट वाटतं, कारण त्याच्याकडं कौशल्य कमी नाही, फक्त उभं राहायला जमीन नाही.

काकांचा मुद्दाही मी सोडणार नाही. गावात अंगण हा घराचाच भाग असतो आणि वरून कॅमेरा फिरला तर बाईमाणसाला संकोच होणारच, तो संकोच खरा आहे. पण बंदीनं तो थांबत नाही, ज्याला लपून बघायचंय तो लपूनच उडवतो, थांबतो तो फक्त विचारून उडवणारा. ठरलेलं मैदान असेल तर उलट काकांच्या हातात काहीतरी येतं, मैदानाबाहेर, रात्री, घरांवर दिसला तर तो कुणाचा हे विचारता येतं. आणि ड्रोन गावाला आता नवा राहिलाय कुठं? वनखातं बिबट्या शोधायला थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन उडवतं, नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं, त्यातल्या बायका लायसन्स घेऊन उडवतायत. दुरुस्ती करणारी, पुढचे ड्रोन बनवणारी पोरं यायची कुठून, जर त्यांना शिकताना चोरासारखं वागावं लागलं?

फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे, सुटे भाग चालतात, म्हणून सुट्टीला येणाऱ्यांनो भाच्या-पुतण्यांसाठी ड्रोन बॅगेत टाकू नका, ओळखीतल्या एकाचा विमानतळावरच ठेवून घेतला. इथं घडवा असं म्हणायचं असेल तर मला ते पटतं. पण मग घडवलेला उडवायला जागा द्या ना. सप्टेंबर 2025 मधे नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा चर्चेला आला, त्यात दखलपात्र गुन्हे आणि तुरुंगवासापर्यंतच्या शिक्षा होत्या, त्याच्यावर हौशी लोकांनी भरपूर आवाज उठवला आणि उठवायलाच हवा होता.

शिवनेरीवर, रायगडावर उडवू द्या असं मी म्हणत नाही. पुरातत्त्व खात्याच्या गडांवर परवानगी लागते ती लागावी, तिथं गर्दी असते, कड्यावर वारा असतो, खाली माणसं चालत असतात. खडकवासल्याला एनडीए आहे, लोहगावला हवाई दलाचं विमानतळ आहे, तिकडं लाल म्हणजे लाल. माझी मागणी तालुक्याला एक मैदान एवढीच आहे. हिरव्या झोनमधलं गायरान, उन्हाळ्यात कोरडं पडणारं तळं, एखाद्या कॉलेजचं मागचं मैदान. एनसीसीच्या एअर विंगमधे पोरं एरोमॉडेलिंग शिकतातच, तिथल्या शिक्षकांना बरोबर घेता येईल.

पुतण्याला मी सांगितलंय की ग्रुपवर भांडू नको, ग्रामसभेला अर्ज लिही. डिजिटल स्कायच्या नकाशाची प्रिंट जोड, गट नंबर लिही, उडवायचे वार आणि वेळ लिही, सूर्य मावळल्यावर नाही असं स्पष्ट लिही, घरांकडं तोंड करून नाही असंही लिही, दोन जबाबदार माणसांचे नंबर दे, आणि एक प्रत पोलीस पाटलांना, एक ठाण्यात देऊन पोच घे. काकांना म्हटलं, अर्ज तुम्ही वाचा आणि तुम्हाला जी अट घालावीशी वाटते ती घाला. त्यांनी कॅमेरा काढून ठेवायची अट घातलीय, पहिले सहा महिने. पुतण्या तयार आहे.