माळ्यावरचा ऐवज

यंदा मे महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांना रंग काढायचं ठरलं आणि माझं बिंग फुटलं. रंगारी शिडीवरून एकेक बोचकं खाली देत होता. तिसऱ्या बोचक्याला त्यानं विचारलं, "ताई, कापडाचं दुकान होतं का?"

"अजून आहे," नवरा म्हणाला. "फक्त विक्री बंद आहे."

मी गोधड्या शिवते. म्हणजे गोधड्यांसाठी कापड जमवते. शिवून पूर्ण झाल्यात दोन. तिसरं दुपटं भाचीच्या बारशासाठी घेतलं होतं, ती आता दहावीला आहे.

या सगळ्यात खरी जुनी एकच, आजीची. आत नऊवारी लुगड्यांचे थर, वर कडेकडेनं आत येत गेलेला धावदोरा. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड सुईला अडत नाही, म्हणून गोधडीला जुनंच लुगडं हवं. चंद्रकळेची ठिगळं मात्र आधी विरली. जुन्या काळ्या रंगात लोखंड असायचं, ते हळूहळू सूत खातं. आजीकडे साठा वगैरे नव्हता. लुगडं फाटलं की गोधडीत, गोधडी फाटली की पायपुसण्यात. मी बदलापूर लोकलमध्ये घुसून उल्हासनगरहून कोरं कापड आणते, आटावं आणि खळ जावी म्हणून धुते, इस्त्री करते. मग इतकं छान दिसतं की कात्री लावायचा धीर होत नाही. जातं माळ्यावर.

शिवाय ओटीचे ब्लाउजपीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाटलेला मोरपंखी पीस, कोपऱ्यात शाईच्या डागासकट, तीन वर्षांनी वागळे इस्टेटमधल्या मावशींकडून माझ्याच ओटीत परत आला. माहेरी आलेल्याला पुन्हा घालवायचं कसं? तोही माळ्यावर.

एवढ्यात खालून बोहारणीची हाक आली आणि सासूबाईंनी तिला चक्क वर बोलावलं. माझ्या पोटात गोळा. तिनं चारही बोचकी उसकटून पाहिली. "या तुकड्यांचं काय करू बाई? साडी, पँट असंल तर बोला." माझ्या वीस वर्षांच्या संग्रहाला एक चमचासुद्धा नाही! मग तिची नजर आजीच्या गोधडीवर गेली. "हिच्यावर चहाची गाळणी देते."

"अगं, छोटं पातेलं तरी दे," सासूबाई म्हणाल्या.

मी गोधडी ओढून घेतली आणि घाईघाईत ती धुवायला काढली. मशीन फिरलं असतं तर टाके उसवले असते, म्हणून टबात. ओली गोधडी दोरीवरही टांगता येत नाही, स्वतःच्याच वजनानं फाटते. दोघांनी प्रेतासारखी उचलून गच्चीवर नेली, टाकीच्या सावलीत खाटेवर पसरली. सेक्रेटरींनी विचारलं, "गादी आहे का?" इथे गाद्यांना मनाई आहे. "नाही, आजी आहे," मी म्हटलं. ते गप्प खाली गेले.

खाली आले तर रंगारी हात पुढे करून उभा. "ताई, ब्रश पुसायला एखादी चिंधी द्या ना."

मी चारही बोचक्यांवरून नजर फिरवली. हे इरकलीचे काठ, हे उशीला. मांजरपाट अस्तराला. हा खणाचा तुकडा एवढासा आहे, पण मध्यभागी फूल करायला बरा. मोरपंखी तर शक्यच नाही.

शेवटी नवऱ्याचं बनियन दिलं. तसं ते फारसं फाटलेलं नव्हतं.