खुलासा: अमेरिकेची अध्यक्षपदाची खुर्ची थैली बघून मिळत नाही

‘अमेरिकेत जो जास्त पैसा ओततो तोच अध्यक्ष होतो’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. ऐकायला पटतं, पण तसं नाही.

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचा खर्च ट्रम्प यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होता. हरल्या. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी काही महिन्यांत १०० कोटी डॉलरहून जास्त निधी उभा केला, त्याही हरल्या. आणि अब्जाधीश उद्योजक मायकेल ब्लूमबर्ग? २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी स्वतःच्या खिशातले १०० कोटी डॉलर उडवून जिंकलं काय, तर अमेरिकन सामोआ हा पॅसिफिकमधला चिमुकला बेटांचा प्रदेश! दुसऱ्याच दिवशी माघार.

बहुतेक मतदार आपला पक्ष सोडत नाहीत, त्यामुळे बहुतेक राज्यांचा कौल आधीच ठरलेला असतो आणि खरी झुंज पेनसिल्व्हेनिया, मिशिगनसारख्या सहा-सात राज्यांतच होते. तिथे किराण्याचं बिल बोलतं. महागाईचा दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्के होता, २०२४ च्या मतदानापर्यंत तो तीनच्या खाली उतरला. पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे. किराणा महागच राहिला आणि राग सत्ताधाऱ्यांवर, म्हणजे हॅरिस यांच्या पक्षावर निघाला.

पैसा बिनकामाचा आहे, असंही नाही हं. त्याच्याशिवाय शर्यतीत उभंच राहता येत नाही.