सौरऊर्जेचं धोरण खरंच जिनिव्हात ठरतं?

'जागतिक व्यापार संघटनेने 2016 मध्ये भारताला स्वदेशी सौर पॅनेल वापरायला बंदी घातली, सौर मिशन मोडीत काढलं; नियम फक्त आपल्यालाच.' हा संदेश पुन्हा फिरतोय. त्यामागची चीड समजते, पण माहिती चुकीची आहे.

आधी बंदीचं पाहू. राष्ट्रीय सौर मिशनमध्ये केंद्र प्रकल्पांची वीज 25 वर्षं ठरलेल्या दराने घेणार होतं. काही निविदांत अट होती, सेल (उन्हापासून वीज बनवणाऱ्या चकत्या) आणि मॉड्यूल (त्या जोडून बनलेलं पॅनेल) भारतीयच हवेत. अमेरिकेने 2013 मध्ये जिनिव्हातल्या या संघटनेकडे तक्रार केली. ही सरकारी खरेदी आहे, आणि तिच्यात देशी मालाला झुकतं माप चालतं, असा आपला बचाव होता. संघटनेचं अपील मंडळ म्हणालं, सरकार विकत घेतंय वीज, सेल नव्हे. तो बचाव तिथेच पडला. म्हणजे गेली ती एक अट. पॅनेल बनवायला किंवा वापरायला कोणीही मनाई केली नाही.

आणि ती अट मुळातच भोकं असलेली होती, हे कोणी सांगत नाही. पहिल्या टप्प्यात ती फक्त क्रिस्टलाइन सिलिकॉन या नेहमीच्या प्रकारच्या पॅनेलला लागू होती. थिन-फिल्म, म्हणजे पातळ थराची, पॅनेल कुठूनही आणायची मुभा होती. त्यासाठी अमेरिकेच्या एक्झिम बँकेचं, म्हणजे अमेरिकी निर्यातीला कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेचं, स्वस्त कर्ज मिळत होतं, मग अनेक विकासक तिकडेच वळले. हे भोक दिल्लीत पडलं होतं.

मिशन मोडलं म्हणावं, तर निकालानंतरच सौर क्षमता कितीतरी पटींनी वाढली. एप्रिल 2022 मध्ये आयात मॉड्यूलवर 40 टक्के आणि सेलवर 25 टक्के सीमाशुल्क लागलं. आज छतावरच्या सौर पॅनेलसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, 3 किलोवॅटला 78,000 रुपये, हवं असेल तर विक्रेता आधी विचारतो, 'डीसीआर पॅनेल ना?' डीसीआर म्हणजे भारतीय सेल, भारतीय मॉड्यूल. या अटीलाही उद्या कोणी आव्हान देऊ शकेल, हे खरं. पण धोरण हातातून गेलेलं नाही.

'नियम फक्त आपल्यालाच' हेही खोटं. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिशिगन अशा अमेरिकी राज्यांच्या स्थानिक मालाला झुकतं माप देणाऱ्या योजनांविरुद्ध भारताने तक्रार केली आणि जून 2019 मध्ये निकाल बव्हंशी आपल्या बाजूने लागला. अमेरिकेने अपील केलं. नव्या सदस्यांच्या नेमणुका तिनेच अडवून धरल्या होत्या, त्यामुळे डिसेंबरात अपील मंडळ बंद पडलं. अखेर जून 2023 मध्ये दोन्ही वाद आपसात मिटवले गेले. चिडायचं असेल तर याच्यावर चिडा: हरलेला खटला आपण पाळला, जिंकलेल्याचा निकाल अधांतरीच राहिला.