तो आवाज यिर्मयाचा नाही, हनन्याचा आहे

माझी आत्या नगरला एकटी राहते. वय ७४, शुगर जुनी. गेल्या महिन्यात तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. डॉक्टरांनी एक दिवसाआड ड्रेसिंगला बोलावलं आहे. परवा फोन केला तेव्हा कळलं की दोन ड्रेसिंग चुकली. कारण विचारलं तर म्हणाली, "अरे, मला वचन मिळालंय. डॉक्टर उगाच घाबरवतात. तसले शब्द मनात घ्यायचे नाहीत." आणि मग तिने तो मेसेज मला पाठवला. आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपांवर तो आधीच फिरून गेला होता.

मेसेजचा सार असा: यिर्मया २९:११ (म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९वा अध्याय, ११वी ओवी) हे तुझं या वर्षाचं वचन आहे. देवाने तुझ्यासाठी समृद्धीची योजना केली आहे. वर्ष संपण्याआधी तुझं कर्ज, आजार, कोर्टकचेरी सगळं मिटेल. वचन दारावर लाव, रोज सात वेळा म्हण, म्हणजे घराला संरक्षण राहील. संकटाची भाषा बोलणाऱ्यांना जवळ करू नकोस, त्यांच्यात विश्वास नाही. यिर्मया आशेचा संदेष्टा होता. अकरा जणांना पाठव.

अकरा जणांच्या गोष्टीत मी वेळ घालवत नाही. शास्त्रात असं काही नाही, बस. बाकीच्याला मात्र उत्तर द्यावंच लागेल, कारण इथे एका संदेष्ट्याच्या तोंडी त्याच्या विरोधकांचे शब्द घातले आहेत.

मुळात ते वचन एका पत्रातलं आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहुद्यांची राजधानी यरुशलेम घेतलं. याची नोंद बाबेलच्या मातीच्या पाटीवरही आहे, ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथला राजा यकन्या, दरबारी, कारागीर, लोहार यांना त्याने बाबेलला नेलं. त्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून पत्र लिहिलं. त्यात म्हटलं आहे की घरं बांधा, बाग लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हांला नेलं आहे त्याचंही भलं मागा. मग दहावी ओवी येते: बाबेलची ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन. "तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत" असं सांगणारी अकरावी ओवी तिच्याच पाठोपाठ आहे. म्हणजे पत्र ऐकताना जो माणूस चाळिशीत होता, त्याला कळून चुकलं असणार की आपण काही यरुशलेम पुन्हा पाहत नाही. परत जातील ती नातवंडं. मेसेजवाल्याने दहावी ओवी गाळली आणि तिच्या जागी "वर्ष संपण्याआधी" घातलं.

आणखी एक. मेसेजमध्ये "तुझ्याविषयी" आहे, शास्त्रात "तुमच्याविषयी". मूळ हिब्रूतही अनेकवचनच आहे. ते एका उखडलेल्या समाजाला दिलेलं वचन आहे, एकेकट्याच्या कर्जफेडीची तारीख नव्हे.

लवकरच सगळं मिटेल असं सांगणारा माणूस त्या काळीही होता, आणि त्याची गोष्ट याच पुस्तकात एक अध्याय आधी आहे. गिबोनचा हनन्या, अज्जूराचा मुलगा. यिर्मया त्या दिवसांत मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. बाबेलचं ओझं टळणार नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. हनन्या मंदिरात, याजकांसमोर, परमेश्वराच्या नावाने म्हणाला की दोन वर्षांच्या आत मंदिराची लुटलेली पात्रं, राजा यकन्या आणि नेलेले सगळे लोक परत येतील. यावर यिर्मया काय म्हणाला? "आमेन. परमेश्वर तसंच करो." या आमेनजवळ मी नेहमी थांबतो. त्यालाही तेच हवं होतं. लोकांचं वाईट व्हावं म्हणून तो बोलत नव्हता. फक्त त्याने बजावलं की शांतीचं भाकीत करणाऱ्याचा शब्द खरा ठरला, तरच देवाने त्याला पाठवलं होतं असं समजा. हनन्याने ते जू त्याच्या मानेवरून काढून सगळ्यांदेखत मोडलं. यिर्मया मुकाट्याने निघून गेला. नंतर त्याला वचन आलं: लाकडाचं जू मोडलंस, आता लोखंडाचं येईल. हे पाचव्या महिन्यातलं, आणि सातव्या महिन्यात हनन्या मेला. दोन वर्षांत कुणी परत आलं नाही. सात-आठ वर्षांत शहर पडलं आणि मंदिर जळालं.

तारीख देऊन दिलासा देणारा आवाज हनन्याचा आहे. त्यावर यिर्मयाचं नाव लावून तो माझ्या आत्याच्या फोनवर आला आहे.

आता ज्या ओळीमुळे मी हे लिहायला बसलो ती: संकटाची भाषा बोलणाऱ्यांना जवळ करू नकोस. ज्या २९व्या अध्यायातून मेसेजने वचन उचललं, तोच अध्याय शेवटपर्यंत वाचावा. बाबेलमध्ये शमाया नावाचा एक माणूस होता. हे पत्र ऐकून तो इतका चिडला की त्याने यरुशलेमच्या याजकाला उलट लिहिलं: या यिर्मयाला अजून खोड्यात का अडकवलं नाही? बंदिवास लांबेल, घरं बांधा, असं हा आम्हाला लिहितो! म्हणजे या पत्रावर पहिला आक्षेप हाच होता की ते संकटाची भाषा बोलतं. आज त्याच पत्राची एक ओळ घेऊन शमायाचीच मागणी पुढे रेटली जाते आहे: इशारा देणाऱ्याचं तोंड बंद करा. यिर्मयाच्या काळात लोकांनी ती मागणी पुरीही केली. त्याची गुंडाळी राजाने शेकोटीत जाळली, त्याला चिखलाच्या टाक्यात उतरवलं. देवाचा शब्द त्या "नकारात्मक" माणसाजवळच होता.

आत्या, तुझे डॉक्टर तुला घाबरवत नाहीत. सहाव्या अध्यायात आणि पुन्हा आठव्या अध्यायात यिर्मया म्हणतो की शांती नसताना "शांती, शांती" म्हणून हे माझ्या लोकांची जखम वरवर बरी करतात. तिथे मूळ शब्द शालोम आहे. २९:११ मधल्या हिताच्या संकल्पांतही तोच शालोम आहे. एकच शब्द. जखम उघडून, धुऊन, वेळ देऊन आलेला शालोम त्याला मान्य होता, वरून फडकं गुंडाळलेला नाही. शुगर असलेल्या पायावर वरवर बरी दिसणारी जखम आत काय करते, हे तुला मी सांगायला नको. काकांच्या वेळी तू स्वतः पाहिलं आहेस.

दारावरच्या पाटीचं थोडक्यात. यरुशलेमचे लोकही "परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर" असं म्हणत होते, तीनदा. त्यांच्या भरवशाला कारण होतं. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी अश्शूरचा राजा सन्हेरीब वेढा घालूनही शहर न घेता परत गेला होता. पण यिर्मयाने मंदिराच्या दारातच उभं राहून सांगितलं की या फसव्या शब्दांवर विसंबू नका, शिलोचं, म्हणजे जिथे आधी देवाचं निवासस्थान होतं त्या गावाचं, काय झालं ते जाऊन पाहा. चोरी करता, खोट्या शपथा वाहता, परदेशी, अनाथ, विधवा यांना छळता आणि मग इथे येऊन "आम्ही सुटलो" म्हणता? हे घर लुटारूंची गुहा आहे का? पुढे येशूने मंदिरात हेच शब्द उच्चारले. या भाषणापायी यिर्मयाच्या जिवावर बेतलं. शाफानाचा मुलगा अहीकाम हा दरबारी पाठीशी होता म्हणून वाचला.

यिर्मया आशेचा संदेष्टा होता, हे मात्र मला मान्य करावं लागतं. होता. शहराला वेढा पडलेला, तो स्वतः पहाऱ्याच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी त्याने चुलतभाऊ हानामेलकडून अनाथोथचं शेत विकत घेतलं. १७ शेकेल रुपं तोलून दिलं, साक्षीदार घेतले आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावलं. या देशात पुन्हा घरं, शेतं, मळे विकत घेतले जातील, असं देव म्हणतो म्हणून. शत्रू वेशीवर नाही, असं त्याने एकदाही म्हटलं नाही. खिशातलं रुपं काढून त्याने आशेवर सही केली.

तेव्हा आत्या, ते वचन तू मनातून काढ असं मी म्हणत नाही. पण पाचव्या ओवीपासून वाच. सोमवारी साडेदहाला मी रिक्षा घेऊन दारात येतो. ड्रेसिंग होईपर्यंत बाहेर बसतो, आणि घरी आल्यावर अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा दोन्ही अध्याय मोठ्याने वाचू.