नॅनोकणांनी मेलेला पडदा जिवंत होतो? त्या मेसेजमधले दावे तपासू

‘नॅनोकणांचे थेंब डोळ्यांत घाला. मेलेला पडदा पुन्हा जिवंत होतो, चष्मा सुटतो, शिवाय दुष्परिणाम शून्य. उंदरांवर सिद्ध झालंय, पण डॉक्टर सांगणार नाहीत.’ अशा अर्थाचा मेसेज खूप फिरतो आहे. पडदा म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूचा, उजेड टिपणारा थर (रेटिना). त्यामागे एक खरं आणि फार चांगलं संशोधन आहे, म्हणून तो लोकांना पटतो. पण मेसेजने त्या संशोधनाचा अर्थच उलटा केला आहे.

‘मेलेला पडदा जिवंत होतो.’ नाही. २००६ साली ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’ या विज्ञाननियतकालिकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा आणि सेंट्रल फ्लोरिडा या विद्यापीठांतल्या संशोधकांचा निबंध आला. त्यांनी सिरियम या धातूच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, म्हणजेच नॅनोकण, पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांत सुईने सोडले आणि त्यानंतर त्यांना प्रखर उजेडात ठेवलं. अशा उजेडाने पडद्यातल्या प्रकाशग्राही पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढतात आणि पेशी मरू लागतात. सिरियम हे रेणू निष्प्रभ करतो आणि पुन्हा मूळ रूपात येतो, त्यामुळे तेच कण परत परत कामाला येतात. पडद्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की या पेशींच्या केंद्रकांच्या रांगा दिसतात. कण न मिळालेल्या डोळ्यांत रांगांचा तो थर झिजून पातळ झाला होता, कण मिळालेल्या डोळ्यांत तो बराचसा शाबूत होता.

आता क्रम पाहा: कण आधी, उजेड नंतर. वाचलेल्या पेशी मुळात मेल्याच नव्हत्या. प्रकाशग्राही पेशी दोन प्रकारच्या: माणसाच्या डोळ्यात साधारण १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात. त्यांतली मेलेली पेशी आपलं शरीर नव्याने बनवत नाही. काही माशांमध्ये ती पुन्हा तयार होते, सस्तन प्राण्यांत नाही. म्हणून आहे ते वाचवणं हेच मोठं काम आहे, आणि या संशोधनाचं मोल तिथेच आहे.

‘उंदरांवर सिद्ध, म्हणजे माणसांवरही.’ बारीक अक्षरं आणि चेहरे ओळखण्यासाठी आपण मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला छोटा भाग, वापरतो. वयोमानाने होणारा झिजेचा आजार नेमका तिथेच होतो, आणि उंदराच्या डोळ्यात मॅक्युला नसतोच. शिवाय प्रयोगातली इजा थोड्या वेळात, मुद्दाम घडवलेली असते; माणसात ती कित्येक वर्षं मुरत जाते आणि त्यात आनुवंशिकता, वय, धूम्रपान असं बरंच काही असतं. उंदरांतला निकाल उमेद देतो, उपचाराची हमी देत नाही.

‘थेंब पुरतात.’ डोळ्यात घातलेलं बरंचसं औषध अश्रूंबरोबर वाहून जातं. साधारणपणे ५ टक्क्यांहूनही कमी औषध आत शिरतं, आणि तेही पुढच्या भागात. मागच्या पडद्यापर्यंत नगण्य. त्या प्रयोगात सुई वापरली ती म्हणूनच. आणि डोळ्यात सुई म्हटली की, क्वचित का होईना, जंतुसंसर्गाचा धोका आला.

‘दुष्परिणाम शून्य.’ मला सर्वांत जास्त खटकतं ते हे वाक्य. सिरियमचे कण पडद्यात दीर्घकाळ टिकतात. हा गुण आहेच, पण काही बिघडलं तर ते काढून घेता येत नाहीत. आम्लधर्मी वातावरणात हेच कण उलट वागून पेशींवर ताण आणू शकतात, असंही प्रयोगशाळेत दिसलं आहे. आकार, मात्रा, वरचं आवरण बदललं की वागणूक बदलते. चांदीचे नॅनोकण तर पुरेशा मात्रेत पेशींना विषारीच ठरतात. ‘नॅनो’ म्हणून सगळे एका माळेचे मणी धरता येत नाहीत.

चष्म्याचं म्हणाल तर नंबर पडद्यातल्या पेशींमुळे लागत नाही; तो बुबुळाचा, भिंगाचा आणि नेत्रगोलाच्या लांबीचा प्रश्न आहे. ‘डॉक्टर लपवतात’ हेही चूक. निबंध छापून आला तेव्हापासून जगभरच्या संशोधकांनी तो वाचला आहे आणि त्यावर काम चालू आहे.

मेसेज वाचून थेंबांची वाट पाहत बसणाऱ्याचं नुकसान मात्र खरं आहे. सरळ रेघा अचानक वाकड्या दिसू लागल्या तर तो मॅक्युलाच्या ओल्या प्रकारच्या आजाराचा इशारा असू शकतो. त्यावर पडद्याखालच्या नव्या, गळक्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं रानिबिझुमॅबचं इंजेक्शन त्याच २००६ साली अमेरिकेत मंजूर झालं, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकी नजर वाचते. डोळ्यासमोर एकदम लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा एका बाजूने सावली सरकताना दिसली, तर पडदा सुटत असू शकतो; तेव्हा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.